पाथरीचे कुळ, आमिनेचे नाव

इ. स. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशाहने वऱ्हाडच्या इमादशाहाकडून पाथरी जिंकून घेतली. एखादा परगणा या सत्तेकडून त्या सत्तेकडे जाणे ही त्या काळच्या दक्षिणेत नित्याची बाब होती. पाथरीच्या बाबतीत विशेष आहे ते इतिहासकाराने दिलेले कारण. फेरिश्ता सांगतो की, निजामशाही घराण्याचे पूर्वज हे पाथरीचे ब्राह्मण कुलकर्णी. त्यांच्यापैकी कोणी विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिले. तेथील बहिरू नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट बहमनी फौजेच्या हाती लागला, मुसलमान झाला आणि मलिक हसन या नावाने बहमनी राज्याचा कर्ता पुरुष होऊन १४८६ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला. त्या अहमदचा मुलगा बुऱ्हाण. बुऱ्हाणने आधी इमादशाहाला रीतसर विनंती केली, की पाथरी मला द्यावी आणि मोबदल्यात दुसरा परगणा घ्यावा. इमादशाहाने ती नाकारली आणि ठाण्याची तटबंदी सुरू केली, तेव्हा स्वारी झाली. पुढे ठाणे एकदा हातचे गेले, १५२७ मध्ये पुन्हा मिळाले, आणि बुऱ्हाणने ते आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिले. अकबराच्या अमलापर्यंत ते त्यांच्याकडे चालले, असेही फेरिश्ता नोंदवतो.

धर्म बदलला, भाषा बदलली, राजधानी झाली, तरी कुळाचे गाव चौथ्या पिढीत लढून परत मिळवावेसे वाटले, ही हकीकत मराठी इतिहासलेखनाने आवडीने सांगितली आहे. आणि ते स्वाभाविकही आहे. पाथरी, म्हणजे संस्कृत ग्रंथांतले पार्थपूर, हे त्या काळी विद्येचे ठिकाण होते. ‘सिद्धान्तसुंदर’ लिहिणारा ज्योतिषी ज्ञानराज तेथलाच. त्याचा मुलगा सूर्यदास याने ‘लीलावती’वर टीका लिहिली आणि ‘रामकृष्णविलोमकाव्य’ नावाचे एक विलक्षण काव्य रचले. त्यातली ओळ सरळ वाचली तर रामाची कथा निघते, उलट वाचली तर कृष्णाची. सूर्यदास आणि बुऱ्हाण निजामशाह हे जवळजवळ एका वयाचे.

निजामशाहीची वंशावळही अशी दोन बाजूंनी वाचता येते. बापाकडून वाचत गेले की पाथरीचे कुलकर्ण लागते. आईकडून वाचत गेले तर बुऱ्हाणच्या पुढच्याच पायरीवर एक नाव लागते: आमिना. ती नाचणारी होती. बुऱ्हाणने तिच्याशी विवाह केला आणि जनानखान्यात तिला पहिले स्थान दिले. हुसेन आणि अब्दुल कादिर हे दोन मुलगे तिचे. यांतला हुसेन १५५३ मध्ये गादीवर बसला आणि १५६५ च्या राक्षसतागडीच्या लढाईत विजयनगरविरुद्धच्या सुलतानांपैकी एक प्रमुख म्हणून उभा राहिला. हुसेनची मुलगी चांदबीबी. म्हणजे अहमदनगरच्या तटावर मोगलांना थोपवून धरणारी चांदबीबी ही आमिनेची सख्खी नात. चांदबीबीच्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्या लेखनात ही आजी क्वचितच येते. पाथरीचे पणजोबा मात्र पुष्कळदा येतात.

आमिनेविषयी जे माहीत आहे ते इतके थोडे आहे, की ते कसे माहीत झाले हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. तिचे नाव इतिहासात मुख्यतः एका तक्रारीच्या संदर्भात येते. १५२३-२४ च्या सुमारास सोलापूर येथे बुऱ्हाणचा दुसरा विवाह विजापूरच्या इस्माईल आदिलशाहाची बहीण मरियम हिच्याशी झाला. सोलापूरचा किल्ला आंदण मिळणार अशी अहमदनगरची समजूत होती. तो मिळाला नाही, आणि दोन्ही राज्यांत वैर पेटले. या राजकीय वैराला जनानखान्यातले दुसरे वैर जोडले गेले. राजकन्येपेक्षा आमिनेचा मान वर राहिला, मरियमने माहेरी गाऱ्हाणे नेले, आणि इस्माईलने अहमदनगरच्या वकिलांना सुनावले, की राजघराण्यातल्या मुलीवर नाचणारणीला बसवणे शोभत नाही. बुऱ्हाणला हा अपमान वाटला. ‘नाचणारीण’ हा आमिनेच्या पूर्वायुष्याचा तपशील असेल, पण इतिहासात तो शिरतो तो एका परराज्याच्या निषेधाच्या खलित्यातून.

येथे निवेदकाचे स्थान पाहिले पाहिजे. मुहम्मद कासिम फेरिश्ता लहानपणी बापाबरोबर अहमदनगरला आला, तेथे वाढला, मुर्तजा निजामशाहाच्या चाकरीत राहिला, आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. त्याचा ग्रंथ सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने आकाराला आला. म्हणजे ज्या दरबाराची राजकन्या दुखावली होती, त्याच दरबारात ही हकीकत लिहिली गेली. आणि दुखावलेपणाचा हा धागा केवळ कौटुंबिक नव्हता. बुऱ्हाणच्या मृत्यूनंतर मरियमचा मुलगा शाह अली विजापूरच्या आश्रयाला गेला, आणि पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने हुसेनविरुद्ध त्याचा हक्क पुढे करून सोलापूरवर मोहीम काढली. शाह अलीचा हक्क वडीलपणावर टिकणारा नव्हता. तो टिकायचा तर आईच्या कुळावरच टिकणार. थोरल्या मुलाची आई नाचणारीण आणि धाकट्याची आई राजकन्या, हे वाक्य त्या क्षणी चारित्र्यवर्णन राहत नाही. तो वारसाहक्काच्या दाव्यातला मुद्दा होतो.

दावा त्या वेळी फसला, पण तो शेवटी निकाली निघाला तो मरियमच्या बाजूने. १६०० मध्ये चांदबीबी मारली गेली, अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, हुसेनचा पणतू बहादूर कैदेत गेला. त्यानंतर मलिक अंबरने ज्याला गादीवर बसवले तो दुसरा मुर्तजा हा शाह अलीचा मुलगा, म्हणजे मरियमचा नातू. फेरिश्ता लिहीत होता त्या वर्षांत निजामशाहीच्या गादीवर आमिनेचा वंश राहिलेला नव्हता. तिच्याविषयी जपून लिहावे असे कोणी उरले नव्हते.

मात्र या तर्काला एक अडचण आहे आणि ती दडपून चालणार नाही. फेरिश्त्याचा आश्रयदाता दुसरा इब्राहिम आदिलशाह याला लहानपणी वाढवले ते चांदबीबीने. पहिल्या अली आदिलशाहाची विधवा म्हणून विजापूरचा कारभार तिनेच काही काळ पाहिला होता. चांदबीबीविषयी फेरिश्ता आदराने लिहितो. तेव्हा विजापूरचा दरबार आमिनेच्या वंशाचा सरसकट द्वेष्टा होता असे म्हणता येत नाही. म्हणता येते ते एवढेच, की नातीच्या थोरवीमुळे आजीच्या नावापुढचे विशेषण पुसण्याची गरज कोणाला भासली नाही. ज्या हकीकतीतून ते विशेषण आले ती मूळ हकीकत भांडणाची होती, आणि भांडणातला शब्द निवेदनाचा शब्द होऊन बसला.

याच्या उलट बाजूला अहमदनगरचा स्वतःचा इतिहासकार आहे. सय्यद अली तबातबा याने ‘बुऱ्हाण-इ-मआसिर’ दुसऱ्या बुऱ्हाणसाठी, म्हणजे आमिनेच्याच नातवासाठी लिहिला. त्याने निजामशाहीच्या संस्थापकाचे नाते थेट बहमनी राजघराण्याशी जोडले. म्हणजे पाथरीच काढून टाकली. आज अभिमानाने सांगितली जाणारी कुलकर्ण्यांची कथा घराण्याच्या अधिकृत चरित्राला नको होती. ती टिकली शेजारच्या दरबारात, आमिनेच्या कथेबरोबर, आणि बहुधा त्याच हेतूने. निजामशाहीचे मूळ एका बाजूने धर्मांतरित कैद्याचे आणि दुसऱ्या बाजूने नाचणारणीचे, असे दोन उणे शेरे तेथे शेजारीशेजारी होते. पुढच्या काळात त्यांतला एक मानाचा झाला, दुसरा तसाच राहिला. हे स्थित्यंतर फारसी ग्रंथांत घडलेले नाही. ते मराठी वाचकाच्या मनात घडलेले आहे. ब्राह्मण मूळ सापडल्याचा आनंद झाला. नर्तकीचे मूळ सापडल्याचा कोणाला होणार?

राण्यांची नावे सुरक्षित राहतात असेही नाही. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आफताबी या कवीचे ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हे सचित्र हस्तलिखित आहे. १५६५ च्या आसपासचे ते काव्य हुसेन निजामशाहाची आणि त्याची राणी खुंझा हुमायूं हिची स्तुती करते. हुसेनच्या शेजारी राणी बसलेली दाखवावी, हे सुलतानी चित्रकलेत दुर्मीळ. परंतु यांतल्या बहुतेक चित्रांत राणीची आकृती नंतर रंग फासून झाकलेली आहे. हुसेनच्या पश्चात खुंझा हुमायूंने राज्यकारभार हाती घेतला होता आणि १५६९ मध्ये मुलाने तिला कैद केले. चित्रातली खाडाखोड त्या घटनेशी जोडली जाते. सून कुलवंत होती, चित्रात आली आणि पुसली गेली. सासू नर्तकी होती, चित्रात आलीच नाही, पण तिचा धंदा ग्रंथात टिकला. स्त्रीच्या बाबतीत विस्मृती आणि स्मृती ही दोन्ही शिक्षेची रूपे कशी होऊ शकतात, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

आमिनेसाठी मराठीत कोणता शब्द वापरायचा? फेरिश्त्याचा ग्रंथ बहुतेक अभ्यासकांपर्यंत पोचला तो ब्रिग्जच्या १८२९ च्या इंग्रजी भाषांतरातून. त्यातल्या ‘डान्सिंग गर्ल’चे मराठी ‘नर्तकी’ केले तर कला उरते आणि समाज गळतो. ‘कलावंतीण’ म्हटले की एक जातिसमूह आणि त्याचे रीतिरिवाज येतात. ‘नायकीण’ म्हटले की तिचे घर, तिचा ताफा, तिच्या हाताखालच्या मुली येतात. ‘कंचनी’त उत्तरेकडचे गाणे आहे. ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ यांत विकत घेतलेले शरीर आहे. पेशवाईच्या कागदांत ‘नाटकशाळा’ हा शब्द एखाद्या जागेसारखा दिसतो, पण असतो तो बाईसाठी. ‘राख’ आणि ‘अंगवस्त्र’ हे शब्द तर बाईला वस्तूच्या पंक्तीत बसवतात. राखलेली ती राख, अंगावर घेतलेले ते अंगवस्त्र. या नात्यातल्या पुरुषासाठी असलेले शब्द पाहावेत. गोव्यात तो ‘यजमान’, तमाशाच्या फडात ‘मालक’. दोन्ही शब्द त्याच्या इतर व्यवहारांतही मानाने चालतात. नात्याचा डाग एकाच बाजूच्या शब्दांवर उतरला आहे.

मस्तानीचे उदाहरण याच संदर्भात पाहण्यासारखे आहे, कारण तेथे शब्दाची निवड लोकांच्या डोळ्यांदेखत झाली. छत्रसालाची कन्या, दरबारची कंचनी, नायकीण अशा तिच्या उत्पत्तीच्या वेगवेगळ्या कथा सांगितल्या गेल्या. कोणती कथा कोण सांगतो, यावर ती विवाहिता की नाटकशाळा हे ठरत गेले. १७४० मध्ये बाजीराव रावेरखेडीला वारला, पाठोपाठ तीही गेली. १७३४ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाचे नाव कृष्णराव ठेवल्याचे सांगतात. पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मुंजीला नकार दिला आणि तो समशेर बहादूर म्हणून वाढला. १७६१ मध्ये पानिपतावर जखमी होऊन तो मेला. घराण्यासाठी मरण्यास तो चालला, घराण्यात जेवण्यास चालला नाही. द. ग. गोडसे यांनी १९८९ मध्ये ‘मस्तानी’ लिहून बखरींच्या आणि कथा-कादंबऱ्यांच्या थरांखालची व्यक्ती शोधण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाचे मोल मोठे आहे. तरी एक शंका उरते. मस्तानी ही राजकन्या होती हे सिद्ध झाल्यानेच जर तिला न्याय मिळणार असेल, तर ती खरोखर कंचनी असती तर काय? आमिनेच्या बाबतीत अशी पळवाट नाही, म्हणून तिचा प्रश्न अधिक अवघड.

तिच्यानंतर अडीच शतकांनी, पाथरी ज्या राज्यात होती त्याच हैदराबादच्या राज्यात, एका तवायफेने स्वतःचा शब्द स्वतः लिहिला. महलका बाई चंदा (१७६८-१८२४) ही दुसऱ्या निजामाच्या दरबारातली गायिका आणि कवयित्री. १७९८ मध्ये तिने आपल्या उर्दू गझलांचा दिवाण सिद्ध केला. उर्दूत संपूर्ण दिवाण असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांत तिची गणना होते. १७९९ मध्ये तिने त्याची एक प्रत माल्कमला भेट दिली. तिला जहागिरी होत्या, ती स्वाऱ्यांत निजामाबरोबर जात असे, विवाह तिने केला नाही. मौला अली टेकडीच्या पायथ्याशी आईसाठी तिने कबर बांधली आणि तेथेच तिला पुरले. उस्मानिया विद्यापीठ ज्या जमिनीवर उभे राहिले ती तिच्या जहागिरीतली, असे मानले जाते. निजामी अमदानीत मराठवाड्यातून शिकायला गेलेल्या पिढ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पण महलका हा अपवाद आहे, आणि अपवादाने नियम मऊ होत नाही. मराठीत ही बाजू आतून बोलली जाण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला, आणि बोलले ते मुलगे. राजाराम रंगाजी पैंगिणकर यांचे ‘मी कोण?’ १९६९ मध्ये आले. गोव्याच्या देवळांशी आणि यजमानांशी बांधलेल्या समाजाची ती कहाणी. १९९४ मध्ये ‘कोल्हाट्याचं पोर’ आले. तमाशात नाचणाऱ्या आईच्या, डॉक्टर झालेल्या मुलाचे ते आत्मकथन. ‘चिरा उतरणे’ हा शब्दप्रयोग पांढरपेशा वाचकाला त्याने माहीत करून दिला. त्यातले वडील म्हणजे येऊन जाणारा मालक. पुस्तकावर लेखकाचे नाव किशोर शांताबाई काळे असे होते. बापाच्या जागी आई. पाथरीच्या इनामाची सनद ज्या न्यायाने दिली गेली, त्याच्या नेमका उलट हा न्याय.

कायद्याच्या भाषेची वाट याहून वाकडी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. याज्ञवल्क्यस्मृतीतला ‘अवरुद्धा’ हा शब्द, म्हणजे एका पुरुषाने फक्त आपल्यासाठी अडवून ठेवलेली स्त्री, तेथून हिंदू कायद्यात आला. शब्दात कैद आहे. परंतु त्याच शब्दाच्या आधारे, पुरुषाच्या मृत्यूपर्यंत एकनिष्ठ राहिलेल्या अशा स्त्रीला त्याच्या मालमत्तेतून पोटगी मिळे. मुंबईच्या एका दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२६ मध्ये हा हक्क मान्य केला आणि ती कुटुंबाच्या घरात राहत असली पाहिजे ही अट काढून टाकली. १९५५ च्या कायद्याने हिंदू पुरुषाला एकपत्नीत्व बंधनकारक झाले. १९५६ च्या दत्तक व पोटगी कायद्यात अवलंबितांची यादी नव्याने झाली तेव्हा तीत अनौरस मुले राहिली, त्यांची आई राहिली नाही. अवमानकारक शब्द गेला, त्याबरोबर पोटगीही गेली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ पैसे देऊन राखलेल्या स्त्रीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे संरक्षण नाही असे सांगताना इंग्रजी ‘कीप’ हा शब्द वापरला. त्यावर तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच आक्षेप घेतला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने न्यायाधीशांसाठी काढलेल्या पुस्तिकेत असे शब्द वर्ज्य करून त्यांच्या जागी लांबलचक पण निर्दोष वर्णने सुचवली. शब्द सुधारला. पोटगीचा प्रश्न पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा होता.

फेरिश्त्याकडे परत येताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. बुऱ्हाणच्या मुलांची नोंद तो आयांच्या नावांनी करतो: हुसेन आणि अब्दुल कादिर आमिनेचे, शाह अली मरियमचा. बहुपत्नीक राजघराण्यात वारसांची ओळख आईवरूनच पटते, म्हणून ही व्यवस्था. तिच्यात आमिनेचा गौरव नाही. तरीही या हिशेबी सोयीमुळेच ती हाती लागते. पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातून बहिरू आणि तिमाभट ही नावे आली, पण त्यांच्या बायकांचे नाव या वंशकथेत नाही. तिमाभटाची आई कोण, हे कोणी लिहून ठेवले नाही, कारण तिच्या नावावर कोणाचा हक्क ठरणार नव्हता. या साऱ्या कथेत पाथरीची अशी एकही स्त्री नावानिशी येत नाही.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नावानंतर आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहावे, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे. पाथरीच्या शाळांतील पटावरही नावे यापुढे त्याच क्रमाने चढतील.